शांतता काढून टाका

बापाच्या घोरण्यावर लेकीने नाव कमवावं, असं फार थोड्या घरांत घडत असेल. या घरात ते घडलं होतं आणि बाप जाईल तिथे त्याची शेखी मिरवत होता.

लेकीला घरात सगळे भुंगा म्हणायचे. लहानपणी ती खेळताना, जेवताना, अगदी रुसून कोपऱ्यात बसली तरी गुणगुणत असायची, म्हणून हे नाव. आता तिशी उलटली तरी ते काही सुटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काम बघता शोभतही होतं. ती जागांसाठी आवाज बनवायची. गाणी नव्हेत. ताल नाही, शब्द नाहीत, कुठे सुरू झालं नि कुठे संपलं याचा पत्ता नाही, असे मंद, पसरलेले आवाज. दवाखान्यांत, पुस्तकांच्या दुकानांत, हॉटेलांच्या लिफ्टमध्ये ते लावलेले असतात. कोणी मुद्दाम कान देत नाही, पण बंद केले तर तीच खोली उघडीबोडकी वाटायला लागते.

बाबा बस चालवायचे. सगळी उमर स्टिअरिंगमागे गेलेली. ज्या कामात काही हलत नाही, काही वाहून नेलं जात नाही, ते काम त्यांच्या पचनी पडायला वेळ लागला. एकदा त्यांनी सरळच विचारलं होतं, "पण तू दिवसभर करतेस काय नक्की?"

"एखादा आवाज घ्यायचा, कुठलाही," भुंगा म्हणाली. "दार करकरल्याचा, चमचा पडल्याचा. सॉफ्टवेअरमध्ये त्याचे बारीक कण करायचे. इतके बारीक, की पापणी लवायच्या आत एक कण संपतो. मग ते हजारो कण एकावर एक, मागेपुढे, खालच्या पट्टीत पसरायचे. मूळचा आवाज ओळखूच येत नाही. नुसता ढग राहतो."

"म्हणजे गिरणी काढलीस आवाजाची."

"तसंच समजा."

"मग माझं घोरणं दळ की. माल घरचाच आहे, आणि भरपूर आहे."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "दळून तरी कमी होतंय का बघ."

थट्टेत निघालेली गोष्ट भुंगाने मनावर घेतली. बाबांच्या सुट्टीच्या दिवशी, ते जेवून आपल्या आरामखुर्चीत कलंडले तेव्हा तिने शेजारच्या तिपाईवर रेकॉर्डर ठेवला आणि दार लोटून घेतलं. त्यातून जे तयार झालं त्याला तिने 'दुपार' नाव दिलं. एका दंतवैद्यबाईंनी ते आपल्या प्रतीक्षागृहासाठी घेतलं, आणि काय सांगावं, लोकांना ते लागू पडलं. विशेषतः एक जागा. मऊ, धूसर आवाज चाललेला असायचा आणि मधूनच तळातून एक जाड सूर वर यायचा, रुंद व्हायचा, खोलीभर उघडायचा. त्या सुराला, दाढदुखीने हैराण झालेली माणसंसुद्धा खुर्चीचे हात आवळून धरलेली बोटं सैल सोडायची. दंतवैद्यबाई त्याला 'उघडणारा सूर' म्हणायच्या. त्यांनी ओळखीपाळखीत सांगितलं, भुंगाकडे कामं चालून यायला लागली.

बाबा तर एकही दात दुखत नसताना तपासून घ्यायला तिथे जाऊन आले. नाव लिहून घेणाऱ्या मुलीला त्यांनी वर बोट दाखवून सांगितलं, "हे जे वाजतंय ना, ते मी आहे." ती मुलगी बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार बिचारी.

आता कामातली एक खुबी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलेलं आहे. कण करणारं सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगमधून कुठूनही कण उचलतं. आवाज असेल तिथून उचलला तर ठीक, पण नेमकी शांत जागा लागली तर तो कण रिकामा निघतो आणि ढगाला भोक पडतं. या भोकांचा भुंगाला मनस्वी राग. म्हणून तिने एक सोय करून ठेवली होती. कुठलंही रेकॉर्डिंग तिच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं, की आधी एक आज्ञा आपोआप चालायची: शांतता काढून टाका. आवाजाचे तुकडे एकमेकांना चिकटायचे, मधलं रिकामं गळून जायचं, आणि मगच ते रेकॉर्डिंग भुंगाच्या नजरेस पडायचं. भाजी निवडल्यावर देठांचं काय झालं हे जसं कोणी विचारत नाही, तसं त्या गळलेल्या भागाकडे तिने कधी वळून पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी दंतवैद्यबाईंचा फोन आला. "अहो, लोकांना आता 'दुपार' पाठ झालंय. तो सूर कधी येणार ते आधीच कळतं त्यांना. जरा मोठं करून द्याल का? तासभर तरी चाललं पाहिजे."

"देते की," भुंगा म्हणाली. घरची गिरणी, घरचा माल.

मोठं करायचं तर कण जास्त हवेत. तिला वाटलं, झोपेतले अगदी हलके श्वास त्या आज्ञेने शांतता समजून कापले असतील, ते आपण हाताने वेचावेत. म्हणून तिने रेकॉर्डरच्या कार्डावरचं मूळ रेकॉर्डिंग घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती आज्ञा बंद ठेवून ते आत आणलं.

पडद्यावर दोन पट्ट्या आल्या. वर मूळ, खाली साफ केलेली. खालची पट्टी वरच्या पट्टीच्या निम्म्यापर्यंत कशीबशी पोचत होती.

तिला आधी वाटलं, मापात काहीतरी चुकलंय. माणूस झोपलाय, श्वास चालूय, मध्ये असून असून किती शांतता असणार? तिने वरची पट्टी मोठी करून पाहिली. चार-पाच श्वासांचे उंचवटे, मग सपाट रेघ. लांबच लांब. मग एक भला मोठा उंचवटा. पुन्हा चार-पाच श्वास. पुन्हा सपाट. तिने पट्टी पुढे सरकवली, अजून पुढे सरकवली, शेवटापर्यंत तोच नमुना.

वायर ढिली असणार, ती स्वतःशीच पुटपुटली. या रेकॉर्डरची वायर ढिलीच होती, मध्येमध्ये आवाज तुटायचा. तिने हेडफोन चढवले, एक सपाट रेघ निवडली आणि आवाज होता तेवढा वर नेला.

वायर ढिली नव्हती. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं, एकही ठोका न चुकता. खालून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शेजारच्या घरात नळ सुरू झाला, बंद झाला. माइकला सगळं ऐकू येत होतं. घड्याळ, नळ, सायकल. फक्त बाबा नव्हते.

भुंगा ऐकत राहिली. घड्याळ चालूच होतं. आता येईल, आता येईल म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की आपणही श्वास रोखून धरलाय, आणि आपल्याला आता तो धरवत नाही. तिने श्वास सोडला, घेतला, परत सोडला. बाबांचा अजून आला नव्हता.

मग तो आला. घुसमटलेला, घशात काहीतरी फाटल्यासारखा, बुडता माणूस पाण्याबाहेर डोकं काढतो तसा. आणि तो ऐकताक्षणी भुंगाने ओळखला. हाच तर तिने कण कण करून, खालच्या पट्टीत नेऊन, रुंद केला होता. हाच तो उघडणारा सूर. शहाण्यासुरत्या माणसांची बोटं ज्याच्यावर सैल होत होती, तो तिचा बाप गुदमरून जागा होण्याचा आवाज होता.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. एका दुपारच्या झोपेत बाबा कितीदा असे थांबले होते, आणि तिने प्रत्येक थांबणं कचरा म्हणून फेकून दिलं होतं. श्वासाला श्वास असा सफाईने जोडला होता, की ऐकणाऱ्याला वाटावं, किती शांत झोपलाय हा माणूस. तिला स्वतःची किळस आली.

तिने दंतवैद्यबाईंना फोन लावला. "ते बंद करा," ती म्हणाली.

"काय बंद करू?"

"'दुपार'. आत्ता वाजतंय ना? आत्ता बंद करा."

"अहो, पण झालं काय? खोली भरलीय माझी."

भुंगा नुसती "प्लीज" म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काहीतरी असावं की बाईंनी पुढे विचारलं नाही. मागे चाललेला तो मंद आवाज पटकन थांबला. त्या भरल्या खोलीत कोणीतरी खोकलं.

मग तिने बाबांना फोन लावला, आणि लावता लावताच ठेवून दिला. ते गाडीवर होते. गाडीवर असताना ते फोनला हात लावत नाहीत, तो डब्याच्या पिशवीत तळाला असतो. ते या घडीला कुठल्या तरी सिग्नलला उभे असतील, मागे बसभर माणसं असतील. हे मनात येताच तिला गेल्या महिन्यातली गोष्ट आठवली. भर सकाळी, सरळ रस्त्यावर, बाबांची बस दुभाजकाला घासत गेली होती. कोणाला लागलं नाही, पत्रा तेवढा सोलवटला. बाबा म्हणाले होते, ऊन डोळ्यांवर आलं. आणि येत्या सोमवारपासून त्यांना घाटाचा मार्ग मिळाला होता. लांबचा, मानाचा, आतापर्यंत दरवेळी दुसऱ्याच्या वाट्याला गेलेला. तो मिळाला म्हणून परवाच त्यांनी बूट नवे घेतले होते.

ती स्वयंपाकघरात गेली. आई ओट्यापाशी भांडी पुसत होती.

"आई, तू वेगळ्या खोलीत झोपायला का गेलीस?"

"हे काय विचारणं झालं? घोरण्यापायी. तुला काय माहीत नाही?"

"ते घोरताना मध्येच थांबतात का?"

"थांबतात की. लग्न झाल्यापासून नाही, पण गेली बरीच वर्षं थांबतात," आई फडकं झटकत म्हणाली. "तेवढ्यात तर मी झोपून घ्यायची. वाटायचं, बरं झालं, एकदाचे शांत झाले."

भुंगा दारातच उभी राहिली. आईने वळून तिच्याकडे पाहिलं, आणि हातातलं पातेलं सावकाश खाली ठेवलं.

"का गं?"

भुंगाने सांगितलं. फार लांबण लावली नाही, लावता आली नसती. आई ऐकत ओट्याला टेकली. मग ती म्हणाली, "ती बस घासली ना, त्या दिवशी ऊन नव्हतं. सकाळपासून आभाळ होतं. मी कपडे आत वाळत घातले होते."

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलू? माणूस म्हणतो ऊन होतं, तर असेल त्याच्या बाजूला." आईने डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही. नुसती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

बाबा दुपारी आले. पिशवी खुंटीला लावली, हातपाय धुतले, जेवले. दोघी आपल्याकडे टक लावून बघताहेत हे त्यांना शेवटच्या घासाला कळलं.

"कोणी गेलं का?" त्यांनी विचारलं.

"बाबा, आज डॉक्टरकडे जाऊ," भुंगा म्हणाली. "तुमचा श्वास झोपेत थांबतो. म्हणजे झोप होतच नाही तुमची. म्हणून दिवसा डुलकी लागते."

"माझी झोप होत नाही?" बाबा हसले. "अख्ख्या गावाचे दात माझ्या झोपेवर निघतायत, आणि माझीच झोप होत नाही होय? अगं, घोरणारा माणूस म्हणजे गाढ झोपलेला माणूस."

"त्या दिवशी ऊन नव्हतं," आई म्हणाली.

बाबांचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, न पिताच ठेवला. "डॉक्टरकडे नेलंत, तर तो पहिलं काय करेल माहितीय?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "डेपोला कळवेल. डेपो पहिली गाडी काढून घेईल. घाट तर सोडाच, मला गेटावर बसवतील, आल्या-गेल्या गाड्या बघत. तुम्हाला दोघींना काय, बोलायला सोपं आहे. थांबतो म्हणे श्वास. अरे, थांबला असता तर बसलो असतो का तुमच्यासमोर?"

ते उठून आपल्या आरामखुर्चीत जाऊन बसले. वाद संपला की ते तिथेच जाऊन बसायचे.

भुंगाला ठाऊक होतं, बाबांशी बोलून उपयोग नाही. बोलण्यात ते कोणाला हार जात नाहीत. तिने आपल्या खोलीतून स्पीकर आणला आणि रेकॉर्डर जिथे ठेवला होता, त्याच तिपाईवर ठेवला.

"डॉक्टर राहू द्या," ती म्हणाली. "मी काही बोलत नाही. तुमचंच रेकॉर्डिंग लावते, न दळलेलं. तुम्ही फक्त त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा. त्याने घेतला की तुम्ही घ्या, त्याने सोडला की सोडा. एवढंच."

"त्याने म्हणजे कोणी?"

"तुम्हीच."

हे बाबांना गमतीचं वाटलं. खेळ म्हटला की ते मागे हटायचे नाहीत. त्यांनी पाय लांब केले, हात पोटावर जुळवले आणि मान डोलावली. भुंगाने बटण दाबलं.

स्पीकरमधून घोरणं सुरू झालं. न सजवलेलं, खरखरीत, घरातलं. बाबांनी त्याच्याबरोबर श्वास ओढला, सोडला. पुन्हा ओढला, सोडला. तिसऱ्याला त्यांनी भुंगाकडे बघून भुवया उडवल्या, जमतंय बघ म्हणून. चौथा श्वास त्यांनी सोडला, आणि स्पीकरमध्ये घड्याळाची टिकटिक तेवढी उरली.

बाबा थांबले. छाती रिकामी, ओठ मिटलेले. भिंतीवरचं घड्याळ आणि स्पीकरमधलं घड्याळ किंचित मागेपुढे वाजत होती. स्पीकरमध्ये सायकलची घंटी वाजली. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून होतं, पण आता ते ठेवलेलं होतं. मग गळ्याची शीर वर आली. पोटावरची बोटं एकमेकांत रुतली. त्यांनी भुंगाकडे पाहिलं, आणि तिला त्या नजरेत पहिल्यांदा भीती दिसली. तिला वाटलं, पुरे करावं, बंद करावं. तिने हात पुढे केला नाही.

बाबांना धरवेना. तोंड उघडून त्यांनी मोठ्ठा श्वास ओढला, खुर्चीचे हात पकडून पुढे वाकले, धापा टाकत पुन्हा ओढला. दोन, तीन श्वास झाले. त्यांची छाती निवत आली.

स्पीकरमध्ये घड्याळ चालूच होतं. शेजारचा नळ सुरू झाला, बंद झाला.

बाबा वाकलेलेच राहिले आणि स्पीकरकडे बघत राहिले. आता खोलीत कोणी हलत नव्हतं. आई दारात उभी होती, चौकट धरून.

"अहो, घ्या ना आता," ती स्पीकरला म्हणाली.

शेजारी नवरा जिवंत बसलेला असताना ती त्या डब्याला विनवत होती, आणि ते कोणालाच वेडेपणाचं वाटलं नाही. "घ्या ना," ती परत म्हणाली.

तेव्हा तो आला. घुसमटून, फाटून, वर. बाबा जागच्या जागी दचकले.

"हा तोच," ते म्हणाले. "दातांच्या डॉक्टरकडचा."

भुंगाने मान डोलावली. स्पीकरमध्ये परत घोरणं सुरू झालं होतं, निवांत, काही झालंच नाही अशा थाटात. एक, दोन, तीन.

"बंद कर," बाबा म्हणाले. "परत थांबायच्या आधी बंद कर."

तिने बंद केलं. बाबा उठले, खुंटीवरच्या पिशवीत तळाशी हात घालून फोन काढला आणि उभ्या उभ्याच डेपोला लावला. "सोमवारचा घाट दुसऱ्या कोणाला द्या," ते म्हणाले. "नाही, उद्याचीही नको. प्रकृतीचं आहे. नाही साहेब, बरं नाही मला." पलीकडून बरंच काही विचारत असावेत. बाबा बरं बरं म्हणत राहिले. नवे बूट दाराशी होते, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

फोन ठेवून ते खुर्चीत येऊन बसले. त्यांची ही रोजची झोपायची वेळ होती, डोळे जड झालेले स्पष्ट दिसत होते. पण ते पाठ टेकेनात. खुर्चीच्या काठावर, दुसऱ्याच्या घरी बसावं तसे ताठ बसून राहिले.

"दवाखाना केव्हा उघडतो?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी," भुंगा म्हणाली.

"तोवर मला डोळा लागला, तर..." ते थांबले. सगळं घर ज्यांच्या आवाजावर चालायचं, ते बाबा पुढचं अगदी हळू बोलले. "इथे कोणी बसेल का?"

आईने जेवणाच्या टेबलापाशी असलेली खुर्ची ओढत आणली, त्यांच्या खुर्चीला अगदी टेकवून ठेवली, आणि त्यांच्या तोंडाकडे तोंड करून बसली.